हिऱ्याच्या गोष्टीनं मस्तानीच्या कबरीची विटंबना

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला पाबळच्या कबरीवरचा लेख वाचून फार वाईट वाटलं. मस्तानीनं हिऱ्याची अंगठी गिळून प्राण सोडला, हे त्यात तीनदा आलंय. पान खाल्लं की तिच्या गळ्यातून उतरणारा रस दिसायचा, हेही आहे. तिच्या मुलाचं नाव मात्र एकदाही नाही.

गेल्या हिवाळ्यात मी आईला घेऊन पाबळला गेले होते. आईची फार दिवसांची इच्छा होती. कबर अगदी साधी आहे. गावात कुणी तिला मजार म्हणतं, कुणी समाधी. आई पिशवीतून शेवंतीची फुलं काढत होती, तेवढ्यात एक गृहस्थ कबरीशी उकिडवे बसले आणि गाडीच्या किल्लीनं दगडांच्या सांध्यातला चुना खरवडू लागले. शेजारी उभ्या मुलाला सांगत होते, "हिरा इथंच असणार बघ." आईला राहवलं नाही. ती म्हणाली, "अहो, कुणाची तरी आई निजलीय तिथं." ते गृहस्थ काही न बोलता उठून गेले. सांध्यात किल्लीचा पांढरा ओरखडा राहिला, तो आईनं फुलांनी झाकला. तिथं बसलेल्या एका आजोबांनी सांगितलं, धनाच्या आशेनं ही कबर पूर्वी कुणीतरी उकरलीसुद्धा होती.

म्हणून हे पत्र. हिऱ्याची गोष्ट छापून मोकळं होणाऱ्यांनी त्या ओरखड्याचा विचार करावा. बाजीराव मोहिमेवर असताना मस्तानीला पुण्यात कैदेत ठेवलं होतं. २८ एप्रिल १७४० रोजी रावेरखेडीला बाजीराव गेले आणि पाठोपाठ तीही गेली. अंगठी गिळली, विष घेतलं, सती गेली, असं तिच्याबद्दल तीन तऱ्हांनी सांगतात. भरवशाचा कागद एकाही गोष्टीला नाही. तेव्हा तिचा मुलगा शमशेरबहादूर जेमतेम सहा वर्षांचा होता. त्याला पेशव्यांच्या घरानं वाढवलं. तो पानिपतावर लढला आणि १७६१ मध्ये तिथल्या जखमांनी भरतपुराकडे वारला. आई पाबळला, मुलगा तिकडे. तुमच्या लेखकांना या दोन कबरींमधलं अंतर दिसलं नाही का? पुढे त्याचा मुलगा अलीबहादूर बुंदेलखंडात गेला आणि बांद्याच्या नबाबांचं घराणं त्याच्यापासून सुरू झालं. हे सगळं सोडून आपण गळा आणि हिरा धरून बसलोय!

लेखासोबत नाचणाऱ्या बाईचं चित्र का छापलं, तेही कळलं नाही. छत्रसालाच्या लेकीची आणि पेशव्याच्या बायकोची ओळख करून द्यायला दुसरं काही सापडलं नाही? दिवे घाटातल्या मस्तानी तलावाकाठच्या कचऱ्याबद्दल मी दोन वर्षांपूर्वी पत्र पाठवलं होतं. तेही छापलं नाहीत.

पाबळवर पुन्हा लिहाल तेव्हा शमशेरबहादूरचं नाव घाला आणि कबरीला हात न लावण्याची सूचना ठळक अक्षरांत द्या, ही विनंती.

आपली,
एक वाचक, पुणे