प्रिंटरची जोडणी बदलते आहे : शनिवारपूर्वी करून घ्या

सर्व सभासदांना,

येत्या शनिवारी सकाळी 11 वाजता संगणक कक्षातल्या लिनक्स सर्व्हरवरचा सांबा शेअर (विंडोजवरून प्रिंटर वापरण्याची आत्तापर्यंतची सामायिक जोडणी) बंद होईल. ऑगस्ट 2021च्या विंडोज अपडेटपासून अशा शेअरवरून ड्रायव्हर (संगणकाला प्रिंटर वापरू देणारा प्रोग्रॅम) घ्यायला अ‍ॅडमिन हक्क लागतात, बहुतेकांचे घोडे तिथेच अडते. यापुढे छपाई कप्स (CUPS, सर्व्हरवरची छपाईची प्रणाली) मार्फत, आयपीपीने (IPP, नेटवर्कवरून छपाई करण्याची प्रमाण पद्धत).

1. ‘विंडोज फीचर्स’मध्ये ‘इंटरनेट प्रिंटिंग क्लायंट’ सुरू करा.
2. प्रिंटर जोडताना ‘नावाने शेअर्ड प्रिंटर निवडा’ हा पर्याय घ्या आणि कक्षाच्या फलकावरचा पत्ता जसाच्या तसा टाका. पोर्ट 631 विसरू नका.
3. ड्रायव्हर पोस्टस्क्रिप्टचाच (पानाचे वर्णन करणारी एक सर्वसाधारण भाषा) निवडा. सर्वांत जास्त चुका इथे होतात. फाइल प्रिंटरच्या भाषेत बदलण्याचे काम सर्व्हर करतो. दुसऱ्या ड्रायव्हरमुळे त्याच्याकडे आधीच बदललेली फाइल गेली तर पानेच्या पाने अगम्य अक्षरे छापली जातात. तसे झाल्यास नुसता प्रिंटर बंद करू नका, छपाईचे काम रांगेत तसेच राहते. आधी ते रद्द करा.

जुना प्रिंटर यादीतून काढा. पाहुण्यांच्या वायफायवरून छपाई होणार नाही.

अडल्यास शनिवारी 11 ते 1 लॅपटॉप घेऊन कक्षात या. लॅपटॉपचा अ‍ॅडमिन पासवर्ड माहीत असू द्या.