स्वस्तातला हनिमून आणि रस्त्यावरचं पाणी

प्रति,
मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

परवाच्या रविवारच्या पुरवणीत लग्नसराईचं पान वाचलं. युरोपचा हनिमून म्हणजे आठ-दहा लाख धरून चाला, नसतील तर कर्ज काढून जा आणि नंतर फेडत बसा, असं त्यात सरळ लिहिलंय, ते वाचून राहवेना म्हणून हे पत्र. मी धायरीत राहते, मी आणि नवरा दोघंही नोकरी करतो आणि एकाचा पगार जवळजवळ पूर्ण घराच्या हप्त्यात जातो. आम्ही गेल्या फेब्रुवारी-मार्चमधे एकवीस दिवस पोर्तुगाल, स्पेन, इटली आणि ग्रीस फिरून आलो आणि विमान, व्हिसा, इन्शुरन्स, राहणं, खाणं, तिकिटं सगळं धरून दोघांचे मिळून ३ लाख २० हजार झाले. एक रुपया कर्ज नाही. लग्न आम्ही नोंदणी पद्धतीने केलं, तीस दिवसांची नोटीस लावली, नंतर १२० माणसांचं जेवण केलं, बस्स, हॉल नाही वरात नाही, आणि जे वाचलं त्यातून गेलो. घरात यावरून रुसवेफुगवे झाले, ते आता मिटलेत.

लोक विचारतात कसं जमवलं, तर आधी तेच सांगते कारण तुमच्या पानावर ते कुठेच नव्हतं. चार देशांना चार व्हिसा लागत नाहीत, शेंगेन म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून असलेला एकच व्हिसा चालतो, आणि ज्या देशात सगळ्यात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा असतो, आमच्या इटलीत सहा रात्री होत्या म्हणून इटलीकडे केला. फी माणशी ९० युरो, वर अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचा सर्व्हिस चार्ज, आणि निदान ३०,००० युरोचं कव्हर असलेला मेडिकल इन्शुरन्स काढावा लागतो. माझ्या पासपोर्टवर माहेरचंच आडनाव आहे, त्यावरून चार जणांनी घाबरवलं होतं की व्हिसा नाकारतील, पण लग्नाचं सर्टिफिकेट जोडलं आणि कोणी एक प्रश्न विचारला नाही. नव्या मुलींनी फक्त हनिमूनसाठी घाईघाईने पासपोर्ट बदलायला जाऊ नये, हे मुद्दाम लिहितेय.

दुसरं म्हणजे फेब्रुवारी. आपल्याकडे युरोप म्हटलं की मे महिना आणि स्वित्झर्लंड, आणि तिथेच निम्मे पैसे जातात. दक्षिणेकडचे देश फेब्रुवारीत थंड असतात पण गोठवणारे नसतात, एक स्वेटर, एक जाकीट आणि आईने बळंच दिलेली सोलापुरी चादर एवढ्यावर भागलं. खोल्यांचे भाव उन्हाळ्यापेक्षा खूप कमी होते. लिस्बनला माणशी रात्रीला ४ युरो पर्यटक कर द्यावा लागतो, तो खोलीच्या भाड्यात धरलेला नसतो हे लक्षात ठेवा. आम्ही लिस्बनला चार रात्री एका आजींच्या घरातली खोली घेतली होती. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पहिल्या दिवशी त्यांनी हातात किल्ली ठेवली आणि म्हणाल्या शाव्ह, मला क्षणभर कळलंच नाही आणि मग एकदम कळलं, चावी! मग आमचा तो खेळच झाला. बाजारात बटाट्याच्या ढिगावर बटाटाच लिहिलेलं, कोबीला कोव्ह, बादलीला बाल्द, साबणाला साबाँव. चारशे-पाचशे वर्षांपूर्वी हे पोर्तुगीज शब्द गोव्याच्या आणि वसईच्या किनाऱ्यावरून आपल्या स्वैपाकघरात आले आणि आज आपण त्याशिवाय एक वाक्य बोलू शकत नाही. लिस्बनच्याच बेलेम भागातल्या मठाच्या चर्चमधे वास्को द गामाची कबर आहे, पुढे स्पेनमधल्या सेव्हिलच्या कथीड्रलमधे म्हणजे मुख्य चर्चमधे कोलंबसची, आणि दोन्ही ठिकाणी मला तोच आजींचा शब्द आठवत होता, कबरीपेक्षा तोच जास्त जवळचा वाटला.

लिस्बन चढ-उतारांचं गाव आहे, पर्वतीसारख्या सात टेकड्या एकाला एक चिकटून ठेवल्यासारख्या, आणि जवळजवळ प्रत्येक चढ संपला की मिरादोरो म्हणजे गाव बघायची मोकळी जागा, बाक, सावलीला झाडं, प्रवेश फुकट. संध्याकाळी नदीवर ऊन उतरताना तिथे बसायचं, बेकरीतून पाव आणि चीज आणायचं, शेजारी म्हातारे पत्ते खेळतायत, जोडपी बसलीयत, कोणी उठवत नाही. आमच्या हनिमूनचे सगळ्यात चांगले तास मी मोजले तर ते अशा बाकांवरचे आहेत, आणि त्यांचे आम्हाला शून्य युरो पडले.

लिस्बनहून सेव्हिलला थेट ट्रेन नाही, रात्रीची बस धरली, एका रात्रीचं खोलीभाडंही वाचलं. सेव्हिलच्या रस्त्यांवर दुतर्फा संत्र्याची झाडं आणि फेब्रुवारीत ती लगडलेली असतात, पण खायच्या मोहात पडू नका, कडू आहेत, मार्मलेडला जातात. स्पेनमधे दुपारी मेनू देल दिया म्हणून ठरलेलं ताट मिळतं, दोन पदार्थ, पाव, गोड किंवा कॉफी, बारा-चौदा युरोत. ते दुपारी पोटभर खायचं आणि रात्री खोलीवर भात-मेतकूट, असं आम्ही केलं. मी अंडं खाते पण मांस-मासे नाही, आणि शाकाहारी लोकांना एक सांगायलाच हवं, तिकडे मांस नको म्हटलं तरी ताटात हॅम येतं, कारण बऱ्याच जणांच्या मते ते मांसात मोडतच नाही, हामोन म्हणजे हॅम नको असं वेगळं म्हणावं लागतं. दोनदा फसल्यावर नवऱ्याने ते वाक्य कागदावर लिहून घेतलं आणि प्रत्येक हॉटेलात आधी तो कागद पुढे करायला लागला. कॉर्दोबाची मशीद-कथीड्रल, म्हणजे आधी मशीद आणि नंतर चर्च झालेली इमारत, रविवार सोडून रोज सकाळी साडेआठ ते साडेनऊ फुकट बघता येते. आम्ही सेव्हिलहून पहाटेची गाडी पकडून गेलो, आठशेच्यावर खांब आणि त्या लाल-पांढऱ्या कमानी, आत कुजबुजसुद्धा मोठी वाटावी इतकी शांतता.

ग्रॅनडाचं अलहाम्ब्रा, म्हणजे तिथल्या जुन्या मुसलमान राजांचा किल्ला आणि महाल, मात्र फुकट नाही आणि तिथे पैसे वाचवायला जाऊ नये. तिकीट आधी काढावं लागतं, पासपोर्ट दाखवावा लागतो आणि आतल्या नासरी नावाच्या महालांमधे ठरलेल्या वेळेलाच सोडतात. महालात पाणी सगळीकडे आहे, पायाखालच्या दगडी पाटांतून, जिन्यात, अंगणात, खळखळ नाही, हळू. समोरच्या टेकडीवर अल्बायसिन म्हणून जुनी वस्ती आहे, तिच्या गल्ल्यांमधे ठिकठिकाणी विटांची कमान आणि मागे अंधारी टाकी दिसते, त्याला अल्जिबे म्हणतात. डोंगरातल्या झऱ्यावरून पाट काढून हे पाणी वस्तीत आणलेलं होतं. नवरा म्हणाला, अगं हे तर आपल्या पुण्याच्या पेशवेकालीन कात्रजच्या नळासारखं, आणि तिथून पुढे आमचा सगळा प्रवास पाण्याच्या त्या एका गोष्टीभोवती फिरला.

कारण नंतर रोम. मालागाहून स्वस्तातलं विमान होतं, फक्त एक छोटी बॅग न्यायला परवानगी. रोममधे रस्त्यात जागोजागी बिडाचे बुटके नळ आहेत, नासोनी म्हणतात म्हणजे मोठं नाक, १८७४ पासून बसवायला लागले आणि आज अडीच हजारांच्या आसपास आहेत. दिवसरात्र पाणी वाहतं, गार आणि पिण्याजोगं. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या बारीक भोकातून कारंजं उडतं आणि तोंड लावून पिता येतं, हे आम्हाला शाळेतल्या एका पोराने करून दाखवलं. चार दिवसांत पाण्याची एकही बाटली विकत घेतली नाही. आणि ज्या त्रेव्ही कारंज्यात सगळे नाणी टाकतात त्याचं पाणी इसवीसनापूर्वी १९ साली आग्रिपा या रोमन सेनापतीने बांधलेल्या नळाच्या मार्गाने येतं, मधे मोडला, दुरुस्त केला, पण दोन हजार वर्षं गावाने तो सोडला नाही.

मला तिथे उभं राहून पुण्याचा राग आला, खोटं कशाला बोलू. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून भुयारी नळाने शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणलं आणि वाटेत पेठापेठांमधे हौद भरले. आज काळा हौद, फडके हौद, साततोटी ही आपल्याला पत्त्यांची आणि स्टॉपची नावं म्हणून माहीत आहेत. आणि १८६८ साली जोतीराव फुल्यांनी गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, रस्त्यावरचं पाणी कोणाचं हा प्रश्न या गावाने कधीच विचारलाय. असा वारसा असलेल्या गावात उन्हाळ्यात लक्ष्मी रोडवर कोणाला तहान लागली तर वीस रुपयांची बाटली घ्यावी लागते. पाणपोया आहेत, कोणी कोणाच्या स्मरणार्थ बांधलेल्या, पण निम्म्यांच्या तोट्या तुटलेल्या असतात.

सगळं तिकडचं छान असं मी म्हणत नाहीये. रोममधे स्वच्छतागृह शोधणं अवघडच जातं, एक युरो-सव्वा युरोची कॉफी घेऊन कॅफेतलं वापरायचं हाच उपाय, आणि ती कॉफी काउंटरशी उभ्याने प्यायची, टेबलावर बसलं की भाव वाढतो. ट्रेनचा एक धडाही आहे, रोमहून नेपल्सला जलद गाडी सव्वा तासात जाते पण महाग, आम्ही साधी रिजनल गाडी घेतली, तीन तास, निम्म्याहून कमी पैसे. त्या गाडीचं कागदी तिकीट चढायच्या आधी मशीनमधे शिक्का मारून घ्यावं लागतं, नाहीतर दंड. आम्ही धावत गाडी पकडली, शिक्का राहिला, डब्यात एका कॉलेजच्या मुलीने तिकीट बघून स्वतःच्या पेनाने तारीख-वेळ लिहायला लावली आणि तपासनीस आल्यावर आमच्या वतीने बोललीसुद्धा, तेवढ्यावर निभावलं. पाहुण्यांच्या गर्दीने तिथली माणसं वैतागलेली आहेत हेही खरं, बार्सिलोनात २०२४ च्या जुलैमधे लोकांनी पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या होत्या. लिस्बनच्या आजींची मुलगी म्हणाली की आमच्या गल्लीत आता राहणाऱ्यांपेक्षा बॅगा ओढणारे जास्त, ते ऐकून बरं वाटलं नाही. म्हणून पुढे आम्ही खोली शक्यतो राहत्या घरातलीच घेतली.

नेपल्समधे पाच-सहा युरोत अख्खा मार्गेरीटा पिझ्झा आणि एक जुनी पद्धत कळली, काफे सोस्पेझो, आपण एक कॉफी प्यायची आणि पैसे दोनचे द्यायचे, नंतर कोणी गरजू आला तर दुसरी त्याची. आम्ही रोज एक ठेवली, बजेट कितीही ताणलेलं असलं तरी.

तिथून बसने बारी आणि बारीहून रात्रीच्या बोटीने ग्रीसचं पात्रास. केबिन परवडणारी नव्हती, सीटचं तिकीट काढलं आणि जमिनीवर सोलापुरी चादर अंथरून झोपलो. माझी आजी लग्नानंतर पहिल्यांदा मुंबईला कोकण बोटीने आली होती, डेकवर वळकटी टाकून, तिची ती गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले आणि त्या रात्री बोटीची घरघर ऐकताना तीच डोळ्यापुढे होती. अथेन्सला आम्ही मुद्दाम मार्चचा पहिला रविवार गाठला, कारण नोव्हेंबर ते मार्च दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अक्रोपोलिस या टेकडीवरच्या जुन्या देवळांसकट सरकारी वारसास्थळं फुकट असतात. तिथल्या पार्थेनॉन देवळासमोर बसलेली निम्मी माणसं अथेन्सचीच होती, पोरांना आणि आजोबांना घेऊन आलेली.

संपादक साहेब, माझं म्हणणं एवढंच आहे की आमचा हनिमून स्वस्तात झाला तो आमच्या हुशारीमुळे नाही. फुकट पाणी, बसायला बाक, चालायला फुटपाथ, वेळेवर साधी गाडी, म्युझियमला फुकट तास, हे सगळं त्या गावांनी स्वतःच्या माणसांसाठी केलेलं होतं, आम्ही त्यात सामावून गेलो. परतल्यावर एप्रिलमधे शनिवारवाड्याबाहेर एक जोडपं दिसलं, मुलीच्या हातात हिरवा चुडा, दोघं सोलापूरकडून एसटीने आलेली, वारज्यात मावशीकडे उतरलेली, तोच त्यांचा हनिमून. भर दुपारी दोघं पार्किंगच्या कठड्यावर बसली होती कारण सावलीत दुसरी जागा नव्हती, आणि मुलीने मला हळूच विचारलं की ताई, इथे बायकांना जायला कुठे सोय आहे का. मी त्यांना माझी पाण्याची बाटली दिली आणि तिला ओळखीच्या एका दुकानात घेऊन गेले. दुकानदार काकांनी आतलं दार उघडून दिलं म्हणून भागलं.

तर विनंती अशी की तुमच्या पुढच्या लग्नसराईच्या पानावर स्वित्झर्लंडच्या शेजारी एक चौकट पुण्याला द्या. शनिवारवाडा, सारसबाग, तुळशीबाग, स्वारगेट, शिवाजीनगर इथे पिण्याचं पाणी कुठे मिळतं, स्वच्छतागृह कुठलं चालू आहे, सावलीत बसायला जागा कुठे, हे तुमच्या वार्ताहरांनी प्रत्यक्ष फिरून छापावं, आणि जिथे नाही तिथे नाही असं छापावं. मी सुट्टीच्या दिवशी त्यांच्याबरोबर फिरायला तयार आहे.

आपली एक नियमित वाचक,
धायरी, पुणे ४१