शुक्रवारची पिशवी

घणसोली,
शनिवार, रात्री उशिरा

प्रिय दिग्या,

दिवाळीनंतर फोन केला नाही, मान्य. तूही केला नाहीस, म्हणजे फिटंफाट. प्रकृती ठीक. बीपीची गोळी चालू, आईचा गुडघा आहे तसाच. मुद्द्यावर येतो, कारण इथे स्टाफरूममध्ये हे सांगितलं तर "अहो सर, त्यात काय एवढं" म्हणून डबे उघडतील.

तिसरीच्या वर्गात शुक्रवारी शेवटच्या तासाला मी कापडी पिशवी नेतो, हे तुला माहीत आहे. आत एक वस्तू. आधी न बघता चाचपायची, मग बाहेर काढायची, आणि जो काही बोलेल त्याने "कशावरून?" याचं उत्तर द्यायचं. पगाराची मी बघत नाही इतकी वाट पोरं शुक्रवारची बघतात. अडकित्ता म्हणजे हत्तीची नखं कापायचं यंत्र, सोऱ्या म्हणजे सायकलचा पंप, शेराचं माप म्हणजे पेनस्टँड. ओळंबा नेला त्या दिवशी तर मागच्या बाकावरचा, जोडाक्षरांना अजून अडखळणारा पोरगा ताडकन उठला, "पप्पांचा आहे!" बाप गवंडी, रोज नाक्यावर उभा राहतो. पोराने माझ्या हातातून ओळंबा घेतला, बाकावर चढला, वरचा लाकडी ठोकळा भिंतीला टेकवला आणि दोरी सोडली. ओळंबा भिंतीपासून दोन बोटं लांब लोंबत राहिला. "सर, भिंत ओळंब्यात नाय." शाळा सुटल्यावर हेच तो मोठ्या बाईंनाही सांगून आला. त्याचं काय झालं ते भेटल्यावर सांगेन, कागदावर नको.

तर काल. काल मी आजीच्या डब्यातला भोकाचा पैसा नेला. अक्षरं पार झिजलेली, वर मुकुटाची नुसती खूण. मी खूश होतो. याचं उत्तर कुणाला येणार नाही, आणि मग मी सांगणार: दुसरं महायुद्ध, धातूची टंचाई, म्हणून 1943 पासून मधोमध भोक पाडलेला पैसा, रुपयाला असे 64, आणि 1957 ला नवे पैसे आल्यावर हा हिशेबच संपला. सगळं भाषण तयार. एक पोरगा म्हणाला, "वॉशर." मी म्हटलं, "नाही." एक म्हणाली, "बाहुलीची बांगडी." नाही. मग खिडकीजवळची ती, गावठाणातली, जून महिन्यापासून हजेरीला "हजर सर" यापलीकडे जिने तोंड उघडलं नव्हतं, तिने हात वर केला. दिग्या, हात वर केला तिने! म्हणाली, "बाळाच्या कमरेला बांधतात."

आणि मी म्हणालो, "छे गं, नीट बघ."

"कशावरून?" हेसुद्धा विचारलं नाही. माझाच नियम, आणि मीच विसरलो, कारण भाषणाची घाई. ती खाली बसली. पुढची दहा मिनिटं मी महायुद्ध लढलो.

शाळा सुटल्यावर फाटकापाशी तिची आजी उभी. कडेवर धाकटा भाऊ, दीडेक वर्षांचा. पोरगी माझ्याकडे बघेना. आजीनेच पोराचं झबलं वर केलं. काळा करगोटा, आणि त्यात तोच पैसा, माझ्याहून चकचकीत. म्हातारीने तक्रार केली नाही रे. नुसतं विचारलं, "तुमच्याकडे पण आहे म्हणते ही. कुणाच्या कमरेचा?"

मला उत्तर आलं नाही. घरी येऊन आईला विचारलं, तर ती म्हणते, "कमरेचा कुठला, तुझ्या आजोबांनी स्टोव्हला वॉशर म्हणून लावला होता तो." म्हणजे वॉशरवालाही बरोबर! वर्गातली दोन उत्तरं खरी, ती दोन्ही मी खोडली, आणि वर शाबासकी घेतल्यासारखा घरी आलो.

सोमवारी वर्गासमोर कबूल करणार आहे. पण त्याने ती पुन्हा बोलेल का? मोठ्यांनी माफी मागितली की पोरं आणखीच लाजतात, तुला ठाऊक आहे. सगळा वर्ग वळून तिच्याकडे बघेल, ते वेगळंच. आजीला बाळासकट वर्गात बोलवावं असंही मनात आलं, पण मग ती पोरगी पुन्हा कोपऱ्यात आणि पाहुण्यांचा कौतुक-सोहळा. बायको म्हणते, झोप आता.

आणि मग तुझं ते चपलांचं खोकं आठवलं. ठाण्यातला आपला सराव पाठ. पस्तीस मिनिटं तू पोरांकडून ते हलवून, हुंगून, तोलून घेतलंस, आणि घंटा होताच दोरी न सोडता खोकं काखेत मारून चालता झालास. निरीक्षकबाईंसमोर मी म्हणालो, ही मुलांची फसवणूक आहे. माझ्यामुळे तुझे मार्क गेले हे तू अजून ऐकवतोस. (ते तुझ्या टाचणातल्या अक्षरामुळे गेले. या बाबतीत मी हटणार नाही.) तीन आठवडे अबोला, मग मामलेदारला मिसळीवर तह, बिल मी दिलं. पण दुसऱ्या दिवशी ती पोरं तलावपाळीवर आपल्याला दिसली तेव्हा काय विचारत होती, आठवतं? युद्धाबद्दल काल मला एकानेही काही विचारलं नाही.

तुझी बदली झाली का? वहिनींच्या शिवणक्लासचं ऐकलं, छान. चिनू दहावीला ना यंदा? त्याला म्हणावं, गणित सोडून काहीही अडलं तर फोन कर.

आता काम. तुमच्या गावातली कसलीही जुनी वस्तू शोध, शेतातली, होडीवरची, देवळाच्या माळ्यावरची, चालेल ती. एसटीच्या पार्सलने शुक्रवारच्या आत पाठव. सोबत चिठ्ठी नको, नाव नको, फोनवरही सांगू नकोस. मी विचारलं तरी सांगू नकोस. मला खरंच माहीत नसलेलं काहीतरी हवंय. आणि दोरी घट्ट बांध.

तुझा,
सुऱ्या