आरोग्य केंद्र सलाईनवर? जरा आत येऊन बघा

संपादक महोदय,
स. न.

कालच्या अंकातला 'आरोग्य केंद्रच सलाईनवर' हा मथळा वाचला. दर पावसाळ्यात हाच मथळा येतो, फक्त तालुका बदलतो. सोबत कुलूप लावलेल्या उपकेंद्राचा फोटो. अहो, सिस्टर दारात बसून राहिली तर तापाच्या घरी जाऊन रक्ताच्या काचपट्ट्या कोण घेणार? हत्तीपायाचे जंतू तर रात्रीच रक्तात उतरतात, त्या तपासणीला कर्मचारी लोकांची जेवणं आटोपल्यावर हिंडतात. छायाचित्रकाराला एकदा रात्री १० वाजता पाठवा.

माझा धाकटा भाऊ कुही तालुक्यात शेती करतो. गेल्या भादव्यात धुऱ्यावरचं गवत कापून आला आणि तापाने फणफणला. शहाणपणा करून मीच त्याला नागपूरला आणलं. एका खासगी रुग्णालयात पाच दिवस काढले. डेंग्यू नाही, मलेरिया नाही, म्हणून टायफॉइडच्या नावाने सलाईन. शिवाय सीटी स्कॅन, तो कशासाठी हे अजून कळलेलं नाही. बिल ४२ हजार, ताप जिथल्या तिथे.

वैतागून गावी नेलं. आरोग्य केंद्रातल्या पोरसवदा डॉक्टरने पहिलाच प्रश्न केला, "काका, गवतात बसता का?" आणि सदरा काढायला लावला. काखेत काळी खपली, बिडीचा चटका बसावा तशी. स्क्रब टायफस! गवतातल्या बारीक किड्याचा चावा. पाच दिवसांत शहरात एकानेही त्याची काख पाहिली नव्हती. २०१८ मध्ये याच आजाराने नागपूर जिल्ह्यात माणसं दगावली, त्या बातम्या आपणही छापल्या असतीलच. डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या सुरू झाल्या आणि दुसऱ्या रात्री ताप उतरला. पैसा लागला नाही. रक्ताचा अहवाल आला तेव्हा भाऊ सोयाबीन काढत होता.

जागा रिकाम्या आहेत, छत गळतं, सगळं कबूल. ते जरूर छापा. पण गॅस्ट्रोची साथ आली की विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पडली का, नळाच्या पाण्याला ओटी टेस्टमध्ये, म्हणजे क्लोरीनच्या तपासणीत, पिवळा रंग येतो का, हे बघायला याच केंद्रातली माणसं फिरतात. त्यांचा फोटो कधी आलेला आठवत नाही. त्याच पानावर 'गुडघेदुखी ७ दिवसांत गायब' ही अर्ध्या पानाची जाहिरात मात्र झकास आली आहे.

ता. क. : शनिवारच्या शब्दकोड्याचं उत्तर दोन आठवडे छापलेलं नाही. माझं १४ आडवं अडून बसलं आहे.

आपला,
एक जुना वर्गणीदार, महाल, नागपूर