बाबांचे गुडघे, पाच मीटरची जागा आणि आपली पुढची गाडी

पुणे, रविवार

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही मर्सिडीजची ई-क्लास, बीएमडब्ल्यूची फाइव्ह सिरीज, टोयोटाची कॅमरी अशी नावं एका दमात घेतलीत आणि शेवटी म्हणालात, "पण डिझेलच बघू, अ‍ॅव्हरेज चांगलं मिळतं." फोनवर आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून सगळं लिहून पाठवते आहे. याची प्रिंट काढून आईकडे द्या. गाडी बघायला जाताना ती पर्समध्ये ठेवेल.

डिझेलचं आधी सांगते, कारण तिथली चूक सगळ्यात महागात पडते. ठाण्यात तुमचं जाणं-येणं म्हणजे वसंत विहारहून घाणेकर नाट्यगृह, तलावपाळी, गावदेवी मार्केट आणि डॉक्टर. एका वेळी दोन ते सहा किलोमीटर, तेही गर्दीतून. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (प्रदूषणाच्या कडक नियमांतल्या) डिझेल गाडीच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. साठलेली काजळी गाडी स्वतःच जाळते, पण त्यासाठी तो फिल्टर साधारण ६०० अंशांपर्यंत तापावा लागतो आणि गाडी पंधरा-वीस मिनिटं एकसारख्या वेगाने पळावी लागते. तलावपाळीला जाऊन येताना हे घडतच नाही. जळण सुरू होतं आणि तेवढ्यात तुम्ही घरी पोचून इंजिन बंद करता. त्यासाठी जादा सोडलेलं डिझेल सिलिंडरच्या कडेने खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळतं. ऑइल पातळ होतं, वर त्याची पातळी वाढते. ऑइल कमी झालं की सगळे धावतात, वाढलं तर कोणी बघत नाही, आणि टर्बो व बेअरिंगं त्याच पातळ ऑइलवर झिजत राहतात. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो, वर्कशॉपमध्ये मशीन लावून काजळी जाळावी लागते, आणि दोन-तीनदा असं झालं की फिल्टरच बदला म्हणतात. पुण्याला तुम्ही दोन महिन्यांतून एकदा येता, तेवढ्याने ही साफसफाई भागत नाही. शिवाय महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के रोड टॅक्स आहे आणि डिझेलला १५ टक्के. पन्नास लाखांच्या गाडीवर हा फरकच एक लाखाचा झाला. तुमच्या कमी फिरण्यात अ‍ॅव्हरेजमधून तो भरून निघायला किती वर्षं लागतील, ते तुम्हीच मांडून बघा. तेव्हा पेट्रोल किंवा हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाबरोबर बॅटरीवरची मोटर असलेली. डिझेल नको.

दुसरी गोष्ट पार्किंगची. सोसायटीच्या पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या मजल्यावर, आपली रंगवलेली जागा पाच मीटरची आहे, मागे भिंत आणि डावीकडे खांब. तुमच्या मनातली ई-क्लास भारतात लांब व्हीलबेसचीच (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर जास्त असलेली) मिळते. २०१७ पासूनच्या मॉडेलची लांबी पाच मीटरच्या वर आहे, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेली नवी तर ५.०९ मीटर. जुलै २०२४ ची नवी फाइव्ह सिरीज ५.१६ मीटर लांब आणि १.९० मीटर रुंद. म्हणजे नाक रस्त्यावर आणि डावा दरवाजा खांबाला. आईने त्या फटीतून बाहेर कसं यायचं? आधीच्या पिढीची फाइव्ह सिरीज आणि आठव्या पिढीची कॅमरी, दोन्ही पाच मीटरच्या आत बसतात. कॅमरी ४.८८ मीटर लांब, १.८४ रुंद.

लांब व्हीलबेसचं सुख मागच्या सीटवर असतं. नव्या ई-क्लासचा व्हीलबेस ३०९४ मिलिमीटर, पाय पसरून बसा. पण ती ड्रायव्हर ठेवणाऱ्याची गाडी. बाबा, तुम्ही स्वतः चालवणार, आई शेजारी बसणार. त्या जादा जागेचा उपयोग काय? उलट सोसायटीच्या रॅम्पवर वळताना तीच लांबी आडवी येते.

आता गुडघे. सेडान खाली असते, त्यामुळे बसताना माणूस स्वतःला सोडून देतो आणि उठताना सगळा भार गुडघ्यांवर येतो. शोरूममध्ये बसल्या बसल्या "छान आहे" म्हणू नका. गाडी सपाट जागेवर घ्या, पायात रोजच्या चपला ठेवा, सीट पूर्ण वर उचला आणि जमिनीपासून गादीच्या कडेपर्यंतची उंची टेपने मोजा. मग घरी ज्या खुर्चीतून हात न टेकता उठता, तिची उंची मोजा. फरक पाच-सात सेंटीमीटरच्या आत असेल तर जमेल. दाराच्या उंबऱ्याची रुंदीही बघा. उंबरा रुंद असला की पाय बाहेर टाकताना कंबर पिळावी लागते, आणि आईला नेमका त्याचाच त्रास आहे. दोघांनी पाच-पाच वेळा बसा-उठा. विक्रेता कंटाळला तर कंटाळू दे. नंतर पंधरा मिनिटं नुसतं बसून राहा, पाठीचा त्रास पहिल्या दोन मिनिटांत कळत नाही.

या सगळ्यातून माझ्या मते एकच नाव वर येतं: तीन-चार वर्षांची, एकाच मालकाची, ठाण्यात नोंदलेली कॅमरी हायब्रिड. गर्दीत ती बराच वेळ बॅटरीवर चालते, म्हणजे छोट्या फेऱ्यांत इंजिनाला त्रास कमी. तिच्यात क्लच नाही, त्यामुळे गर्दीत गिअरबॉक्स कुरकुरत नाही. ब्रेक दाबला की आधी मोटर वेग ओढून घेते, पॅड हळू झिजतात. दोन गोष्टी मात्र सांभाळाव्या लागतील. मोठी बॅटरी मागच्या सीटखाली असते आणि तिला थंड हवा सीटच्या खालच्या जाळीतून मिळते. तिथे पिशव्या, शाल, चादर ठेवायची नाही, आणि सर्व्हिसला त्या जाळीचा फिल्टर साफ करून घ्यायचा. तो चोंदला की बॅटरी तापते. दुसरी म्हणजे साधी १२ व्होल्टची बॅटरी. तुम्ही माझ्याकडे तीन आठवडे येऊन राहिलात की ती बसते आणि मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. शेजारच्यांना सांगून आठवड्यातून एकदा "रेडी" दिवा लावून अर्धा-पाऊण तास उभी ठेवली तरी चालेल, मात्र मोकळ्या हवेत, कारण मधूनमधून इंजिन सुरू होतं.

बाबा, मर्सिडीज तुम्हाला किती वर्षांपासून घ्यायची आहे ते मला ठाऊक आहे. ती इच्छा मी खोडून काढणार नाही. तीच घ्यायची तर २०२२ नंतरची सी-क्लास पेट्रोल बघा. ४.७५ मीटर लांब, आपल्या जागेत आरामात मावते. फक्त ती कॅमरीपेक्षा खाली वाटेल, तेव्हा खुर्चीची परीक्षा तिथे जास्त कडक घ्या.

नवी की वापरलेली? नव्या कॅमरीची किंमत डिसेंबर २०२४ मध्ये शोरूमला ४८ लाख होती, त्यावर १३ टक्के टॅक्स म्हणजे सव्वासहा लाख. सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरचा सेस गेला आणि सरळ ४० टक्के जीएसटी झाला, म्हणून किमती थोड्या उतरल्या. तरीही विमा कंपन्यांचा घसाऱ्याचा तक्ता बघा: तीन ते चार वर्षांच्या गाडीला ४० टक्के घट, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५०. हा तोटा पहिल्या मालकाने सोसलेला बरा. राज्यातल्या राज्यात गाडी घेतली तर एकदा भरलेला टॅक्स पुन्हा भरावा लागत नाही. बाहेरच्या राज्यातली स्वस्त दिसते, पण तिला तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत पत्र) लागते आणि इथला टॅक्स वेगळा. त्या वाटेला जाऊ नका. वाचलेल्या पैशातले तीन लाख मात्र वेगळ्या एफडीत ठेवा, फक्त दुरुस्तीसाठी. या वर्गाच्या गाडीचा एक हेडलॅम्प फुटला तरी बिल बघून धक्का बसतो.

गाडी बघायला जाण्याआधी फोन करून सांगा की इंजिन सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन सुरू करतानाच टायमिंग चेनचा खडखडाट आणि धूर कळतो. हायब्रिडमध्ये इंजिन लगेच सुरू होईलच असं नाही, तेव्हा एसी लावून थांबा.

मग पुराची खूण शोधा. ठाण्यात हे आधी बघायचं, रंग-रूप नंतर. वंदना टॉकीजजवळ पावसात काय होतं ते तुम्ही मला सांगायला नको. पुढचा सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा. रोज वापरात न येणारा तो शेवटचा हातभर पट्टा बघा. गाडीत पाणी शिरलं असेल तर तिथे मातकट रेघ राहते, आणि बोटाने चोळली तर बारीक रेती लागते. बाकी गाडी पॉलिश करून चकचकीत करतात, पण या पट्ट्यापर्यंत सहसा कोणाचा हात पोचत नाही. त्यानंतर डिकीतला स्टेपनीचा खड्डा उघडा, सीटच्या रुळांवर गंज आहे का बघा, पायाखालचं कार्पेट उचलून खालचा फोम दाबा. सनरूफ असेल तर त्याच्या कोपऱ्यात कपभर पाणी ओता. ते चाकाजवळून खाली गळलं पाहिजे. तुंबलं तर निचऱ्याच्या नळ्या पाला-धुळीने बंद आहेत, आणि पावसाळ्यात तेच पाणी कार्पेटखालच्या वायरिंगवर जातं.

रंगाची जाडी मोजणारं मीटर गाडी तपासून देणाऱ्या इन्स्पेक्शनवाल्याकडे असतं. कंपनीचा रंग साधारण १०० ते १६० मायक्रॉन. एखाद्या दाराला ३०० च्या वर आकडा आला की खाली लांबी (पुट्टी) भरली आहे असं समजा. एका दाराला ओरखडा पडून रंग मारला असेल तर हरकत नाही, पण छत किंवा खांबांवर असा आकडा आला तर तिथूनच परत या. स्कॅनर लावून सगळ्या मोड्यूलचे (गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरांचे) एरर काढून घ्या, आणि किलोमीटरचा आकडा इतर मोड्यूलमध्येही नोंदलेला असतो, तो मीटरशी जुळतो का बघा. टायरवर चार आकडे असतात: ३४२१ म्हणजे २०२१ चा ३४ वा आठवडा. वीस हजार किलोमीटर चाललेली सांगतात आणि टायर चारही बदललेले, तर का ते विचारा. टायरच्या बाजूला फुगवटा असेल तर तो खड्ड्याने आलेला. मग रिमही वाकलंय का, तेही तपासायचं.

चालवून बघायची ती घोडबंदर रोडच्या खराब पट्ट्यावर, काचा खाली करून, एसी आणि रेडिओ बंद ठेवून. स्पीडब्रेकरवरून हळू उतरताना पुढून "टक" असा आवाज आला तर सस्पेन्शनमधले लोअर आर्मचे बुश किंवा लिंक रॉड गेले आहेत. ते दुरुस्त होतं, फक्त तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्या.

कागद. आरसीवर मालकांची संख्या आणि कर्जाची नोंद बघा. कर्ज असेल तर ती नोंद काढायला बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५, आणि गाडी नावावर करायला फॉर्म २९ व ३०. एमएच-०४ ची गाडी असेल तर सगळं आपल्याच आरटीओत होतं. बाकी असलेली ई-चलानं आधी भरून घ्यायला सांगा. मालकाच्या पॉलिसीवर नो क्लेम बोनस किती टक्के आहे तेही वाचा. क्लेम न घेता तो २०, २५, ३५, ४५, ५० असा चढत जातो. चार वर्षांची गाडी आणि बोनस शून्य असेल तर क्लेम कशाचा होता त्याचं बिल मागा. डीलरकडून घेतलीत तर १८ टक्के जीएसटी त्याच्या नफ्यावर लागतो, गाडीच्या पूर्ण किमतीवर नाही. पूर्ण किमतीवर लावून दाखवला तर हिशेब मागा. किल्ल्या दोन हव्यात. एकच दिली तर दुसरीची किंमत कापून घ्या.

विमा घेताना झिरो डेप्रिसिएशनबरोबर (सुट्या भागांचा घसारा न कापणारं कव्हर) इंजिन प्रोटेक्ट (इंजिनाच्या नुकसानीचं कव्हर) घ्याच. आणि बाबा, हे फार महत्त्वाचं आहे. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्ट करायचं नाही. हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असतं, पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन प्रोटेक्ट नसेल तर कंपनी तो खर्च साधारणपणे देत नाही. पाणी चाकाच्या अर्ध्यापर्यंत दिसलं की तिथेच थांबायचं, घरी उशिरा पोचलात तरी चालेल.

२०२३ च्या आधीची गाडी असेल तर पेट्रोल टाकीच्या झाकणाच्या आत ई-१० लिहिलंय की ई-२० (म्हणजे १० की २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल चालतं), तेही बघा आणि फोटो काढून मला पाठवा.

पुढच्या शनिवारी गाडी बघायला जाण्याआधी आपली पार्किंगची जागा मोजा: भिंतीपासून रंगाच्या रेघेपर्यंत लांबी, आणि खांबापासून शेजारच्या गाडीपर्यंत रुंदी. आईच्या शिवणाच्या डब्यातली टेप दीड मीटरची आहे, ती पुरणार नाही. हार्डवेअरवाल्याकडून पाच मीटरची स्टीलची घ्या, पट्टी भिंतीकडून आईला धरायला सांगा आणि वाकून आकडा तुम्ही वाचू नका, वॉचमनला वाचायला सांगा.

तुमची,
मनू