सुरीच्या पात्याचं पाणी (कठीणपणा) उतरल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : हातानं घडवलेली सुरी बदलून मिळणे किंवा पूर्ण रक्कम परत मिळणेबाबत

महोदय,

तुमच्याकडून मागवलेल्या स्वयंपाकाच्या सुरीबद्दल मी आधी ई-मेल केला होता. ‘वापरातील निष्काळजीपणामुळे धार गेली, वॉरंटी लागू नाही’ एवढंच उत्तर आलं. ते मला अजिबात मान्य नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

जाहिरातीत तुम्ही लिहिलं होतं : १०९५ जातीचं हाय कार्बन पोलाद, हातानं घडवलेलं पातं, कठीणपणा ६० एचआरसी (रॉकवेल मोजपट्टीवर). बाजारातल्या साध्या सुरीच्या कितीतरी पट किंमत होती. तरी घेतली, कारण नीट केलेल्या हत्याराला आणि ते करणाऱ्या हातांना पैसे मोजावेत असं मला मनापासून वाटतं.

हे पोलाद गंजतं, ते मला माहीत होतं. त्यात कार्बन ०.९५ टक्क्यांच्या आसपास असतो आणि क्रोमियम जवळजवळ नसतंच. स्टेनलेसला ते किमान साडेदहा टक्के लागतं. आमच्या खानापूर भागातल्या पावसात भिंतींनाही ओल सुटते. त्यामुळे कांदा असो की कैरी, चिरून झालं की सुरी लगेच धुते, कोरडी पुसते आणि खोबरेल तेलाचा हात फिरवून ठेवते. पात्यावर करडी झाक चढली आहे. ती चढायचीच, तिच्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार टोकाकडच्या धारेची आहे. दगडावर लावली की सकाळी टोमॅटो सुरेख चिरला जातो, संध्याकाळी त्याच टोमॅटोच्या सालीवरून टोक घसरतं. उजेडात धरलं तर धारेवर पांढरी चमकती रेघ दिसते, म्हणजे तिथे धार मुडपली आहे. मुठीकडचा अर्धा भाग मात्र पुन्हा न लावता कितीतरी दिवस चालतो. निष्काळजीपणा माझा असता तर तो सगळ्या पात्याला भोवला असता, निम्म्यालाच कसा?

आमच्या इथले लोहार ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांपासून विळे-कोयते करतात. त्यांना सुरी दाखवली. त्यांनी धारेवर कानस लावली. मुठीजवळ ती नुसती घसरली, टोकाकडे मात्र धरली आणि बारीक कीस निघाला. ‘पुढचं पाणी उतरलंय,’ एवढंच ते म्हणाले.

कारणही पात्यावरच लिहिलेलं आहे. टोकाजवळ धारेच्या जरा वर निळसर-जांभळा पट्टा आहे. सुरी आली त्या दिवशीच्या फोटोतही तो दिसतो, तेव्हा तो भाज्यांच्या रसाचा डाग नव्हे. पाणी दिलेलं, म्हणजे लाल तापवून एकदम थंड केलेलं पातं काचेसारखं ठिसूळ असतं, म्हणून ते पुन्हा २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून जरा नरम करतात. पोलादावर निळा रंग चढतो तो ३०० अंशांच्या सुमारास. म्हणजे धार काढताना यंत्राच्या फिरत्या घासपट्ट्यावर पातं गरजेपेक्षा जास्त तापून नरम पडलं आणि ते मधूनमधून पाण्यात बुडवायची तसदी कुणी घेतली नाही. टोक पातळ, ते सर्वांत आधी तापतं. भट्टीवर केलेली सगळी मेहनत या शेवटच्या घाईत वाया गेली, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणखी एक. सोबतच्या कार्डावर ‘सुरी कायम चामड्याच्या म्यानातच ठेवा’ असं छापलं आहे. चामडं ओल धरून ठेवतं. कार्बन पोलादाची सुरी आमच्या पावसाळ्यात त्यात ठेवली तर गंजणारच. हे कार्ड बदला. मुठीच्या लाकडात आणि पोलादात फट आहे, तेही बघा.

माझी मागणी साधी आहे : सुरी बदलून द्या, नाहीतर पूर्ण पैसे परत करा. शंका असेल तर बेळगावात उद्यमबागेत एखाद्या कारखान्यात तुमच्या माणसासमोर मुठीजवळ आणि टोकाजवळ कठीणपणा मोजून घेऊ. माझी तयारी आहे. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर मी बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं ग्राहकाला राहत्या ठिकाणी दाद मागता येते.

कळावे,

आपली ग्राहक
ता. खानापूर, जि. बेळगाव

सोबत : बिलाची प्रत, पात्याचे फोटो, तुमचं आधीचं उत्तर