घणसोली गावातल्या पोपटीवाल्यांचे आभार

गेल्या शनिवारी रात्री आईला घेऊन नवी मुंबईतल्या घणसोली गावात पोपटीला, म्हणजे मडक्यात वालाच्या शेंगा शिजवायच्या थंडीतल्या बेताला, आले होते. ज्यांनी आम्हाला सांभाळून घेतलं, त्यांची नावं विचारायची राहून गेली. म्हणून हे जाहीर आभार.

आईचे गुडघे गेलेत. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली तशी दोन पोरं प्लास्टिकची खुर्ची घेऊन धावली आणि आईला खुर्चीसकट शेकोटीपर्यंत नेलं. कुणी सांगितलंही नव्हतं!

मडकं भरणाऱ्या मावशी, तुमचे विशेष आभार. तळाशी भांबुर्ड्याचा, म्हणजे एका रानवनस्पतीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेलं चिकन, मध्ये मध्ये जाडं मीठ आणि ओवा. पाण्याचा थेंब नाही, तेल नाही; सगळं शेंगांच्या ओलाव्यावर आणि पाल्याच्या वाफेवर शिजतं. आई शाकाहारी आहे कळताच तुम्ही तिच्यासाठी नुसत्या शेंगा-बटाट्यांचं वेगळं लहान मडकं लावलंत. तोंड पाल्याने बंद करून मडकं पालथं घातलंत आणि भोवती पेंढा पेटवलात.

शेंगा अलिबागकडच्या होत्या. नवी मुंबईसाठी 95 गावांच्या जमिनी गेल्या, त्यात इथली भातशेतीही गेली. भातानंतर वाल पेरायला जागाच नाही. तरी थंडीत मडकं लागतं, ते तुमच्यामुळे.

मडक्यावर पाणी शिंपडून ते तडतडलं की पोपटी झाली, हे आईला समजावून सांगणारे काका, ती घरी सगळ्यांना तेच सांगतेय. उरलेल्या शेंगा पेपरात बांधून दिल्यात, त्या रविवारी सकाळी संपल्या.